घरगुती ध्वनिमुद्रणकक्षाचे मापन : दोष कोणाचा?

ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकास आज घरातील एखाद्या खोलीतही ध्वनिमुद्रण व मापन करता येते. परंतु मायक्रोफोन जे टिपतो, त्यात वक्ता, खोली आणि विद्युत्-उपकरणे या तिघांचाही वाटा असतो. आलेखात दिसणारी विकृती यांपैकी कोणाची, हे कसे ठरवावे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

प्रस्तुत लेखकाच्या अभ्यासिकेची लांबी ३.४३ मीटर आहे. खोली तपासण्यासाठी ध्वनिवर्धकातून क्रमाने चढत जाणारा स्वर सोडला व भिंतीलगत ठेवलेल्या मायक्रोफोनने तो टिपला. वर्णपटात ५० व १०० हर्ट्झ येथे उंच शिखरे आढळली. २०° सेल्सिअस तापमानास हवेतील ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४३ मीटर असतो. त्यास खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागले असता ५० हर्ट्झ ही कंप्रता मिळते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये या कंप्रतेचे व तिच्या पटींचे स्थिर तरंग निर्माण होतात. तेव्हा दोष खोलीचाच, असे मानून भिंतींशी गाद्या उभ्या केल्या. शिखरे जागची हलली नाहीत. यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. कारण इतक्या खालच्या कंप्रतेचे शोषण करण्यास गादीची जाडी अपुरी पडते.

शिवाय भारतातील वीजपुरवठ्याची कंप्रताही ५० हर्ट्झच आहे, ही गोष्ट नजरेआड झाली होती. यास्तव दोन परीक्षा आवश्यक ठरतात. पहिली, ध्वनिवर्धक बंद ठेवून केवळ शांततेचे मुद्रण करणे. दुसरी, ध्वनिवर्धक न हलविता मायक्रोफोनची जागा बदलणे. विजेची घरघर जागेनुसार सहसा बदलत नाही. स्थिर तरंग मात्र बदलतो. शांततेच्या मुद्रणातही ५० हर्ट्झचे शिखर उमटले आणि संगणकाचा चार्जर काढताच ते जवळजवळ नाहीसे झाले. १०० हर्ट्झचे शिखर मात्र चढत्या स्वराबरोबरच उमटे आणि मायक्रोफोन खोलीच्या पाव लांबीवर नेताच मावळे. अर्थात पहिला दोष मुख्यतः विजेचा, तर दुसरा खोलीचा होता.

भाषाभ्यासकास या भेदाचे महत्त्व मोठे आहे. भ, घ, म्ह, न्ह यांतील श्वासयुक्त घोषाचे मापन करताना मूलस्वराची तीव्रता त्याच्या दुप्पट कंप्रतेच्या घटकाशी ताडून पाहतात. पुरुषवक्त्याचा मूलस्वर १०० हर्ट्झच्या आसपास असल्यास खोली त्यासच उचलून धरील किंवा दाबून टाकील. आणि खोलीचा गुण वक्त्याच्या कंठाचा म्हणून नोंदला जाईल.

मेजामुळे होणारा प्रमादही असाच फसवा आहे. मुखातून निघालेला ध्वनी मेजावर परावर्तित होऊन सुमारे ३४ सेंटिमीटर अधिक अंतर कापून मायक्रोफोनपर्यंत आला, तर ५००, १५०० व २५०० हर्ट्झच्या जवळपास वर्णपटात खळगे पडतात. सुमारे १७ सेंटिमीटर लांबीच्या, एका टोकास बंद असलेल्या समरूप नळीचे फॉर्मंट, म्हणजेच उदासीन स्वराचे आदर्श फॉर्मंट, नेमके येथेच असतात! मेजावर जाड घोंगडी पसरावी, अथवा मेजच बाजूस सारावे. खळगा भरून आला किंवा सरकला, तर तो वक्त्याचा नव्हे. मायक्रोफोन मुखाच्या जवळ, परंतु श्वासाच्या झोताबाहेर ठेवल्यास खोलीचा वाटा आपोआप कमी होतो. संगणकातील गोंगाट कमी करणारी स्वयंचलित योजनाही बंद करावी. अन्यथा ती मापनाचा स्वरच गोंगाट समजून कापते.

सर्व परीक्षांचे सूत्र एकच : काहीही न बदलता प्रथम मापन दोनदा करावे, दोन्ही जुळली, तरच पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलावी. १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन यांनी ऑर्गनची नळी, कालमापक व स्वतःचे कान एवढ्या साधनांवर, आसनांच्या उशा क्रमाक्रमाने वाढवीत निनादकालाचा नियम शोधला. आपली उपकरणे त्यांच्याहून कितीतरी सूक्ष्म आहेत. उणीव असलीच, तर ती त्या धीराची आहे.