उच्च माध्यमिक स्तरावरील संगणक व वाणिज्य अध्यापन : दोन विषयांचा सांधा

प्रस्तावना

महाराष्ट्रात इयत्ता अकरावी व बारावीच्या वाणिज्य शाखेत पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन हे विषय शिकविले जातात आणि अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत त्यांच्या जोडीला माहिती तंत्रज्ञान हा विषय निवडता येतो. वेळापत्रकात हे विषय शेजारी असले तरी अध्यापनात त्यांची गाठ क्वचितच पडते. पुस्तपालनाचा शिक्षक फळ्यावर कीर्द आखतो, संगणकाचा शिक्षक प्रयोगशाळेत आज्ञावली समजावतो. आणि दोन्हींतून बाहेर पडलेला विद्यार्थी लेखा-सॉफ्टवेअरचे ज्ञान बाहेरच्या शिकवणीवर्गात कळांच्या क्रमाने पाठ करतो. हाच विद्यार्थी पुढे बी. कॉम.च्या प्रथम वर्षात येतो तेव्हा त्याला नोंद टाकता येते, परंतु ती अमुक खात्यावर नावे का पडली हे सांगता येत नाही. वरिष्ठ महाविद्यालयातील अध्यापकांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. हे दोन विषय मुळात कोठे जोडलेले आहेत, संगणकामुळे हिशेबाच्या अध्यापनात नेमके काय बदलते आणि त्यानुसार अध्यापनाची मांडणी कशी असावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोन्ही विषयांचे मूळ नाते

संगणक हे शास्त्रज्ञांचे यंत्र आणि व्यापाऱ्याने ते नंतर उसने घेतले, असा समज सर्वत्र आढळतो. इतिहास काहीसा वेगळा आहे. इंग्लंडमधील जे. लायन्स ही चहागृहे व बेकरी चालविणारी कंपनी. तिने स्वतःच्या कार्यालयीन हिशेबासाठी ‘लिओ’ हा संगणक तयार करविला आणि 1951 मध्ये बेकरीच्या मालाच्या मूल्यांकनाचे नियमित काम त्यावर सुरू केले. 1979 मध्ये बाजारात आलेल्या ‘व्हिसीकॅल्क’ या पहिल्या लोकप्रिय कोष्टक-आज्ञावलीची कल्पना डॅन ब्रिकलिन यांना हार्वर्ड येथे व्यवसाय व्यवस्थापनाचे शिक्षण घेताना सुचली. एक आकडा बदलला की फळ्यावरचे सारे कोष्टक पुसून पुन्हा मांडावे लागे. त्या अडचणीतून हे साधन जन्मले.

यातील तात्त्विक बाब महत्त्वाची आहे. लुका पाचोली यांच्या 1494 च्या ग्रंथात मुद्रित रूपाने आलेली द्विनोंद पद्धती ही मुळात माहितीची शिस्तबद्ध रचना आहे. प्रत्येक व्यवहाराची दोन अंगे, प्रत्येक अंगाचे निश्चित स्थान आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या समतेची तपासणी, ही रचना संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

संगणकामुळे लेखाकर्मात काय बदलते

हाताने हिशेब लिहिताना व्यवहार प्रथम कीर्दीत येतो, तेथून त्याची खतावणी होते, खात्यांच्या शिलका तेरजेत येतात आणि तेरजेवरून अंतिम लेखे तयार होतात. प्रत्येक टप्प्यावर आकडा एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवला जातो. बेरजेची, उतरवण्याची व बाजू चुकण्याची शक्यता याच उतरवण्यात असते.

संगणकीय पद्धतीत व्यवहार एकदाच नोंदला जातो. खाते म्हणजे त्याच नोंदींची खातेनिहाय निवड व मांडणी. तेरीज म्हणजे त्या निवडीची बेरीज. खतावणी हे स्वतंत्र काम उरत नाही. विदा-आधाराच्या भाषेत सांगावयाचे तर कीर्द हा मूळ तक्ता असून खतावणी हे त्याचे एक दृश्य आहे. हे एवढे एक सूत्र दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी एकत्र समजावले, तर विद्यार्थ्याला खतावणीचे प्रयोजन कळते आणि विदा-आधाराची रचनाही कळते.

तेरीज जुळणे आणि हिशेब बरोबर असणे

येथे एक अध्यापनशास्त्रीय अडचण उभी राहते. नावे व जमा रकमा समान नसतील तर लेखा-सॉफ्टवेअर सामान्यतः ती नोंद स्वीकारतच नाही. त्यामुळे तेरीज जवळजवळ नेहमीच जुळते. हाताने लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला न जुळणारी तेरीज चूक शोधायला भाग पाडत असे. संगणकासमोरच्या विद्यार्थ्याला ही खूण मिळत नाही. ज्या चुका तेरजेत उघड होत नाहीत, म्हणजे तत्त्वाच्या चुका, पूर्ण विसरलेल्या नोंदी, चुकीच्या खात्यावरील नोंदी, त्या मात्र जशाच्या तशा राहतात.

एक उदाहरण पाहता येईल. यंत्राच्या किरकोळ दुरुस्तीचे 5,000 रुपये दुरुस्ती खात्याऐवजी यंत्र खात्यावर नावे टाकले आणि वर्षअखेर यंत्रावर 10 टक्के दराने पूर्ण वर्षाचा घसारा आकारला. खर्च 5,000 रुपयांनी कमी दिसतो, घसारा 500 रुपयांनी जास्त दिसतो. परिणामी निव्वळ नफा 4,500 रुपयांनी फुगतो आणि ताळेबंदात यंत्राची किंमतही तितकीच फुगते. सर्व बेरजा जुळतात, पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही.

1 जुलै 2017 पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने असे दुसरे क्षेत्र निर्माण केले आहे. 10,000 रुपयांच्या मालावर 18 टक्के दराने कर 1,800 रुपये होतो. पुरवठा राज्यांतर्गत असेल तर 900 रुपये केंद्रीय व 900 रुपये राज्य कर. आंतरराज्य असेल तर पूर्ण 1,800 रुपये एकात्मिक कर. ग्राहकाचे राज्य चुकीचे नोंदले तर बिलाची एकूण रक्कम तीच राहते, कर मात्र चुकीच्या शीर्षाखाली जातो. हिशेब जुळूनही चुकलेला असू शकतो, हे विद्यार्थ्याला येथे स्पष्ट दिसते.

यावरून असा निष्कर्ष निघतो की यंत्राने आकडेमोडीचे श्रम कमी केले, परंतु निर्णयाचे ओझे कमी केले नाही. खर्च महसुली की भांडवली, व्यवहार कोणत्या कालखंडाचा, पुरवठ्याचे ठिकाण कोणते, ही उत्तरे माणसानेच द्यावयाची आहेत. संगणक आल्यामुळे लेखातत्त्वांच्या अध्यापनाची गरज वाढली आहे.

वर्गातील मांडणी

या दृष्टीने पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

पहिली पायरी म्हणजे वहीतील काम. दहा-पंधरा व्यवहारांची कीर्द, खतावणी व तेरीज विद्यार्थ्याने हातानेच करावी. प्रक्रिया एकदा स्वतः अनुभवल्याशिवाय यंत्राने तिच्यातील काय गाळले हे समजत नाही.

दुसरी पायरी कोष्टक-आज्ञावलीची. घसाऱ्याचे प्रकरण यासाठी आदर्श आहे. 1,00,000 रुपयांच्या यंत्रावर 10 टक्के दराने स्थिर प्रभाग पद्धतीने, अवशेष मूल्य शून्य धरून, तीन वर्षांनंतर 70,000 रुपये शिल्लक राहतात. ऱ्हासमान शेष पद्धतीने ही शिल्लक अनुक्रमे 90,000, 81,000 व 72,900 रुपये होते. दर एकाच कोष्ठकात ठेवून सर्व सूत्रे त्याच्याशी जोडली की दर बदलताच दोन्ही रकाने बदलतात. विद्यार्थी येथे घसारा शिकतो, चल राशीची संकल्पना शिकतो आणि सूत्रात आकडा थेट लिहिणे का धोक्याचे हेही शिकतो.

तिसऱ्या पायरीवर लेखा-सॉफ्टवेअर यावे. तेथेही नोंदी टाकण्यापेक्षा तपासण्याचा सराव अधिक असावा. शिक्षकाने मुद्दाम चार-पाच चुका पेरलेली हिशेबाची संचिका द्यावी आणि विद्यार्थ्यांनी मूळ बिलांशी ताडून त्या शोधाव्यात. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा मागोवा ठेवणारी सोय बंधनकारक झाली आहे. नोंद कोणी, केव्हा बदलली याचा पुरावा का हवा, या चर्चेतून व्यावसायिक नीतीचा पाठ स्वाभाविकपणे पुढे येतो.

इंग्लंडचा अनुभव

भारतीय शाळांतील संगणक शिक्षणाचा आरंभ 1984 च्या ‘क्लास’ प्रकल्पाने झाला. त्यासाठी इंग्लंडच्या शाळांत रुळलेले बी. बी. सी. मायक्रो हे संगणक आणण्यात आले होते. त्या देशाचा पुढील अनुभव म्हणूनच उद्बोधक आहे. तेथील माहिती तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पत्रलेखन, कोष्टके व सादरीकरण यांच्या सरावातच अडकला, अशी टीका झाली. रॉयल सोसायटीने जानेवारी 2012 मधील अहवालात बदलाची मागणी केली आणि सप्टेंबर 2014 पासून आज्ञावली व तर्करचना यांवर भर देणारा ‘कॉम्प्युटिंग’ हा विषय सुरू झाला. माध्यमिक परीक्षेतील जुना माहिती तंत्रज्ञान विषय पुढे बंद करण्यात आला.

तत्त्वाच्या दृष्टीने बदल योग्य होता, परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. नव्या संगणकशास्त्र परीक्षेला बसणाऱ्यांत मुलींचे प्रमाण एक पंचमांशाच्या आसपासच राहिले. व्यवसायाच्या अंगाने संगणक शिकू इच्छिणाऱ्यांसाठीचा सर्वसामान्य मार्गही अरुंद झाला. केवळ साधनाचा वापर शिकविणे जसे अपुरे, तसेच उपयोगापासून तोडलेले शुद्ध तंत्र शिकविणेही अनेकांना विषयापासून दूर ठेवते, असा बोध यातून घेता येतो.

शिक्षक व मूल्यमापन

वरील मांडणीतील खरी अडचण यंत्रांच्या संख्येपेक्षा शिक्षकांच्या विभागणीत आहे. पुस्तपालनाच्या शिक्षकाला प्रयोगशाळा परकी वाटते, संगणकाच्या शिक्षकाला नावे-जमेचे नियम. महिन्यातून एक संयुक्त तासिका व दोघांनी मिळून तयार केलेली एक प्रश्नसंचिका एवढ्याने आरंभ होऊ शकतो. वरिष्ठ महाविद्यालयातील वाणिज्य व संगणक विभागांनी त्यास साहाय्य करणे अवघड नाही, कारण पुष्कळदा दोन्ही स्तर एकाच संस्थेत असतात. विद्याशाखांमधील कठोर भिंती दूर करण्याचा 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आग्रहही याच दिशेचा आहे.

मूल्यमापनातही बदल हवा. तयार झालेला ताळेबंद छापून जोडला म्हणून गुण देण्याऐवजी, त्यातील एखादी नोंद निवडून ‘ही याच खात्यावर का?’ असा तोंडी प्रश्न विचारावा. उत्तरातून विद्यार्थ्याचे आकलन कळते. छापील पानावरून फक्त सॉफ्टवेअरची क्षमता कळते.

समारोप

संगणक व वाणिज्य यांचे नाते साधन आणि साध्य एवढ्यापुरते मर्यादित नाही. लेखाकर्म ही माहितीची रचना आहे आणि संगणकीय विचाराला व्यवहारातील समस्येची गरज आहे. नोंद आपोआप खतावली जाते, तेरीज आपोआप जुळते आणि आता बिलावरून नोंद सुचविणाऱ्या आज्ञावलीही उपलब्ध आहेत. अशा काळात विद्यार्थ्याच्या हाती उरणारे कौशल्य एकच आहे : पडद्यावरचा आकडा खरा आहे का, हे विचारण्याचे. ते कौशल्य देण्याची जबाबदारी दोन्ही विषयांच्या शिक्षकांची असून त्याचा पाया उच्च माध्यमिक स्तरावरच घातला जावयास हवा.