किटचा थोरला भाऊ

नोव्हेंबर १९८२. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ‘नाइट रायडर’ सुरू होऊन जेमतेम दोन महिने होत आले होते. त्या आठवड्याच्या भागात दोन काळ्या गाड्या समोरासमोर धावत सुटल्या. एक किट, म्हणजे मायकल नाइटची बोलणारी पॉन्टिॲक ट्रान्स ॲम. दुसरी हुबेहूब तशीच दिसणारी, पण किटच्या आधी घडवलेली. तिचे नाव कार्र. माणसाचा जीव वाचवणे ही किटला दिलेली पहिली आज्ञा, तर स्वतःला वाचवणे ही कार्रची. टक्कर होणार एवढ्यात कार्रने अंग चोरले, कड्यावरून ती समुद्रात कोसळली आणि तिचा स्फोट झाला.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९८४ मध्ये, तीच कार्र समुद्रकिनाऱ्यावर वाळूत रुतलेली सापडली. धडधाकट, आणि जुना राग मनात धरून. स्फोटाचे काय झाले, हे कुणी नीट सांगितले नाही. पहिल्या वेळी तिला आवाज होता पीटर कलेनचा, आता पॉल फ्रीसचा. नाकावरचा फिरता दिवा तेव्हा लाल होता, आता पिवळसर. भागाच्या शेवटी किट आणि कार्र हवेत एकमेकांवर आदळतात, कार्रचे तुकडे होतात, आणि अगदी अखेरीस तिच्या मेंदूचा सुटा भाग जमिनीवर पडून लुकलुकताना दिसतो. म्हणजे ती मेलेली नाही. एप्रिल १९८६ मध्ये मालिका संपली, तोपर्यंत त्या लुकलुकणाऱ्या मेंदूकडे कुणीही वळून पाहिले नाही.

आपल्याकडे उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा ही मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना ती सलग क्वचितच मिळाली. गोंदिया काय, तिरोडा काय, भारनियमनाने अर्धा भाग खाल्ला की उरलेला शाळेतल्या मित्राकडून ऐकायचा. त्यामुळे कथेत काही निसटले असेल तर ते आपल्याच हातून, असे वाटायचे. आज सगळे भाग ओळीने बघता येतात, आणि लक्षात येते की बरेचसे दुवे मुळातच नव्हते.

मालिकेचा पाया तसा भक्कम होता. निर्माता ग्लेन लार्सनने पहिल्या, दोन तासांच्या भागात पूर्वकथा बारकाईने रचली. मायकल लाँग नावाचा पोलीस अधिकारी औद्योगिक हेरांच्या मागावर असताना त्याच्या चेहऱ्यावर गोळी झाडली जाते. युद्धातल्या जखमेमुळे त्याच्या कवटीत धातूची पट्टी असते, तिने गोळी वळते आणि तो वाचतो. विल्टन नाइट हा मरणाच्या दारातला धनाढ्य उद्योगपती त्याला नवा चेहरा, नवे नाव आणि ती गाडी देतो. गोळी लागण्यापूर्वीचा मायकल लॅरी अँडरसन या दुसऱ्याच नटाने केला होता. आवाज मात्र त्याला डेव्हिड हॅसलहॉफचाच दिला होता. चेहरा बदलला तरी माणूस तोच, हे प्रेक्षकाच्या कानाला पटावे म्हणून घेतलेली ही काळजी आहे. विल्टन पहिल्याच भागात मरतो. ती भूमिका करणारे रिचर्ड बेसहार्ट सप्टेंबर १९८४ मध्ये खरोखरच गेले. तरीही प्रत्येक भागाच्या सुरुवातीचे निवेदन त्यांच्याच आवाजात चालू राहिले.

एवढा विचार करणाऱ्या मंडळींनी पुढच्याच वर्षी गार्थ नाइटला आणले. ऑक्टोबर १९८३ च्या ‘गोलाएथ’ या जोडभागात कळते की विल्टनला एक मुलगा होता, तो आफ्रिकेतल्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता, आणि मायकलला दिलेला चेहरा याच वाया गेलेल्या मुलाचा आहे. दुहेरी भूमिका हॅसलहॉफचीच, फक्त दाढी-मिशांचा फरक. कल्पना जबर आहे. मरणाऱ्या बापाने परक्या माणसाच्या खांद्यावर आपल्या मुलाचा चेहरा ठेवावा, यात एका कादंबरीचा ऐवज आहे. पण पहिल्या भागात गार्थचे नाव कुठेही नाही. विल्टनचा जुना सहकारी म्हणून हे गुपित ज्याला ठाऊक असणारच, त्या डेव्हन माइल्सने मायकलला वर्षभर आरशासमोर तसेच उभे राहू दिले, असा याचा अर्थ होतो. ते दोघांच्या नात्यात खोल जायला हवे होते. गार्थ आणखी एकदा येऊन गेला, आणि तो धागा तिथेच तुटला.

बॉनी बारस्टो ही किटची देखभाल करणारी तंत्रज्ञ. दुसऱ्या पर्वात तिच्या जागी एप्रिल कर्टिस आली, तिसऱ्यात बॉनी परतली. एप्रिल कुठे गेली, हे मालिकेने सांगितलेच नाही. किटचा आवाज उमटायचा तो सुरुवातीला एका चौकोनी लाल दिव्याच्या उघडझापीने. पुढे त्याची जागा तीन खड्या पट्ट्यांनी घेतली, आणि आज किट म्हटले की लोकांना त्या पट्ट्याच आठवतात. समोरच्या फळीवर आधी दोन पडदे होते, नंतर एकच राहिला.

यामागे निव्वळ निष्काळजीपणा नव्हता. त्या काळी अमेरिकेत मालिकेचा खरा पैसा पुनःप्रक्षेपणातून यायचा. पुरेसे भाग जमले की ते गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना विकले जात, आणि त्या वाहिन्या ते हव्या त्या क्रमाने दाखवत. म्हणून प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा राहायला हवा, मंगळवारी बसलेल्या प्रेक्षकाला सोमवारचे काही ठाऊक असण्याची गरज पडू नये, असा दंडक होता. नाइट रायडरचे ९० भाग याच साच्यातले. किटचा आवाज देणारे विल्यम डॅनिएल्स त्याच वर्षांत ‘सेंट एल्सव्हेअर’ या रुग्णालयावरच्या मालिकेत डॉक्टर क्रेग करत होते. किटची वाक्ये ते चित्रीकरणापासून वेगळी ध्वनिमुद्रित करत आणि श्रेयनामावलीत आपले नाव येऊ देत नसत. किट आणि मायकल यांची मैत्री इतकी खरी वाटते, ती एकमेकांसमोर न बसलेल्या दोन नटांनी उभी केली आहे. त्या कारागिरीला मी मनापासून दाद देतो.

मात्र धंद्याचे कारण मान्य केले तरी एक गोष्ट सुटत नाही. मायकल विसरला तर एक वेळ चालेल, तो माणूस आहे. किट विसरू शकत नाही. त्याचे सारे मोठेपण स्मृतीवर उभे आहे. पोलिसांच्या नोंदी, नकाशे, माणसांचे आवाज त्याला क्षणात आठवतात. असा मेंदू आपल्याआधी जन्मलेल्या, आपल्यासारख्याच देहाच्या, केवळ एका आज्ञेच्या फरकाने दुष्ट ठरलेल्या भावाबद्दल पुढे दीड वर्ष गप्प राहतो. उद्या माझीही आज्ञा कुणी बदलली तर? हा प्रश्न त्याने कुठल्या तरी रात्री, कुठल्या तरी महामार्गावर विचारायला हवा होता. दिव्याचा रंग बदलला याचे मला फारसे काही वाटत नाही. ही मालिका कमी पडते ती या प्रश्नापाशी.

इथे मला आमच्या गोंदिया जिल्ह्याकडे वळावेसे वाटते. आमगावजवळ पदमपूर हे छोटे गाव आहे. जुन्या मूर्ती आणि अवशेष तिथे आजही दिसतात. भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत पद्मपूर हे आपल्या घराण्याचे गाव सांगितले आहे, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ते हेच पदमपूर असल्याचे मत मांडले. आमगावचे महाविद्यालयही भवभूतीच्याच नावाचे आहे. आठव्या शतकातल्या या नाटककाराने रामकथेवर दोन नाटके लिहिली, आणि आपण ज्याला कंटिन्युइटी म्हणतो तिचा सर्वांत उत्तम धडा त्यांत सापडतो.

‘महावीरचरिता’त भवभूतीने पूर्वकथा सरळ बदलली. त्याच्या नाटकात मंथरेच्या रूपात शूर्पणखा येते, म्हणून कैकेयी निर्दोष ठरते. वाली रावणाच्या मंत्र्याच्या, माल्यवानाच्या, चिथावणीने स्वतः रामावर चालून येतो, म्हणून लपून बाण मारण्याचा डाग रामावर राहत नाही. मग ‘उत्तररामचरित’ उघडावे. पाचव्या अंकात कोवळा लव रामाच्या पराक्रमांची यादी काढतो आणि वालीवधावरून बोचरा टोमणा मारतो. आधीच्या नाटकात पुसलेला डाग इथे परत आला. एकाच लेखकाच्या दोन नाटकांतली ही उघड विसंगती आहे, आणि तिच्यामुळे कुणा रसिकाचे काही बिघडले नाही. प्रत्येक नाटकाला लागणारा राम वेगळा होता.

एका नाटकाच्या आत मात्र हाच भवभूती कमालीचा काटेकोर आहे. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात लक्ष्मण राम-सीतेला चित्रे दाखवतो. त्यांच्याच गतायुष्याची चित्रे, म्हणजे ‘मागील भागात आपण पाहिले’. एका चित्रात जृंभकास्त्रे आहेत. राम सीतेला सहज सांगतो की ही अस्त्रे पुढे तुझ्या संततीकडे जातील. चित्रे बघता बघता सीतेला पुन्हा वनात जावेसे वाटते, आणि तीच इच्छा तिच्या त्यागाचे निमित्त होते. मग बारा वर्षांची दरी पडते. दुसऱ्या अंकात आत्रेयी आणि वासंती यांच्या बोलण्यातून ती भरली जाते. आणि पाचव्या अंकात, रणांगणावर, एक अनोळखी आश्रमकुमार सैन्यावर जृंभकास्त्र सोडतो. पहिल्या अंकातले ते एक वाक्य ज्याला आठवते, त्याला मुलगा कुणाचा हे तिथेच कळते. मागचे सांगण्याच्या निमित्ताने पुढचे पेरणे याहून नेमके मी कुठे पाहिलेले नाही.

बोलणारे वाहनही रामकथेला नवे नाही. वाल्मीकी रामायणात युद्धकांडाच्या शेवटी राम पुष्पक विमान कुबेराकडे परत पाठवतो. उत्तरकांडात ते पुन्हा हजर होते. एकदा पाठवलेले वाहन परत कसे आले? तिथे पुष्पक स्वतःच बोलते: मी कुबेराकडे गेले होते, त्यानेच मला तुमच्या सेवेला परत पाठवले. चार ओळींत शंका फिटते, आणि खुलासा करते ते वाहनच. कार्र वाळूतून बाहेर आली तेव्हा तिला बोलता येत होते. तिला कुणी विचारले नाही.

पुढे नाइट रायडरची पूर्वकथा दुरुस्त करण्याचे प्रयत्न बरेच झाले. मे १९९१ मधल्या ‘नाइट रायडर २०००’ या दूरचित्रपटात किटचे भाग सुटे करून विकलेले दाखवले आणि त्याची एक चिप एका पोलीस तरुणीच्या मेंदूत बसवली. स्मृतीचे मोल ओळखणारा हा एकच प्रयत्न, म्हणून बाकी ढिसाळ असूनही मला तो जवळचा वाटतो. १९९७-९८ ची ‘टीम नाइट रायडर’ २२ भागांत आटोपली. २००८ मध्ये पॉन्टिॲकच्या जागी फोर्ड मस्टँग आली, आवाज व्हॅल किल्मरचा, चालक मायकलचा मुलगा, आणि जुन्या किटचा निर्माता म्हणून चार्ल्स ग्रेमन हे पूर्वी कधी न ऐकलेले नाव. मधल्या सगळ्या कथा पुसल्या गेल्या. नव्या कार्रला आवाज मात्र पुन्हा पीटर कलेनचा दिला. १७ भागांनंतर मार्च २००९ मध्ये तीही मालिका संपली.

आपल्याकडे २००४ च्या ‘टार्झन : द वंडर कार’ या हिंदी चित्रपटासाठी दिलीप छाब्रिया यांनी घडवलेली जांभळी गाडी अनेकांना आठवत असेल. चित्रपट सामान्य आहे. पण त्यातल्या गाडीत मारल्या गेलेल्या बापाचा आत्मा आहे. तिचे प्रत्येक वळण मागच्या अन्यायाच्या आठवणीतून येते, आणि त्यामुळे तिची कथा सुटी पडत नाही.

मराठीत आज मालिका आणि वेबमालिका लिहिणारी मंडळी पुष्कळ आहेत. विचार करणाऱ्या यंत्राची गोष्ट त्यांच्यापैकी कुणी ना कुणी लिहीलच. त्यांना एवढीच विनंती: नट बदला, दिव्याचा रंग बदला, गरज पडली तर मेलेल्याला समुद्रातून परत आणा, मात्र त्या यंत्रावर जे गुदरले ते त्याला आठवू द्या. लिहायला बसण्यापूर्वी ‘उत्तररामचरिता’चा पहिला आणि पाचवा अंक लागोपाठ वाचा. आणि जमले तर एकदा आमगावला उतरून पदमपूर पाहून या.