कूलरची पारख खोलीच्या तापमानापासून

सुरतेहून हजिऱ्याकडे निघालं की वाटेत इच्छापोर लागतं. इथे जेम अँड ज्वेलरी पार्क आहे. हिऱ्याच्या धंद्यात आता कच्चा खडा कापण्याआधी कॉम्प्युटरवर चढतो. स्कॅनर त्याचं त्रिमितीय रूप घेतो, आतले डाग टिपतो आणि कसा कापला तर जास्त किंमत येईल याचे ढीगभर पर्याय मांडून दाखवतो. अशी जड गणितं चालू असताना ताकदवान प्रोसेसर सव्वाशे वॉट वीज सहज ओढतो. ती सगळी दोन-अडीच चौरस सेंटीमीटरच्या चिपवर उष्णता होऊन बाहेर पडते. तापमान ९५-१०० अंशांवर गेलं की चिप स्वतःच वेग कमी करते. म्हणून प्रोसेसरसोबत आलेला कूलर काढून वेगळा बसवायचा विचार येतो.

पण निवडायचा कसा? खोक्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यावर माझा भरवसा नाही, कारण तो मोजायची सर्व कंपन्यांना बांधील अशी एकच पद्धत नाही. त्यापेक्षा प्रोसेसरवर अर्धा तास पूर्ण भार टाकावा, स्थिरावलेल्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करावं आणि उरलेल्या अंशांना वॉटने भागावं. १२५ वॉटला ५० अंश वाढ झाली, तर कूलरचा आकडा ०.४. दोन-चार मिनिटांची चाचणी फसवी ठरते, कारण धातू तापायलाच वेळ लागतो.

आता हा कूलर २२ अंशांच्या थंड खोलीत तपासला तर चिप ७२ वर थांबेल. एसी नसलेल्या ३८ अंशांच्या खोलीत तीच ८८ वर जाईल. कॅबिनेटमधली हवा आणखी ७ अंश गरम असेल तर थेट ९५! परदेशातल्या वातानुकूलित खोलीत उत्तम ठरलेला कूलर सुरतेच्या मे महिन्यात तोकडा पडतो तो असा. अशा वेळी महागड्या कूलरआधी कॅबिनेटला समोरून हवा आत घेणारा एक पंखा लावून पाहावा.

इच्छापोरला शोभणारी गोष्ट म्हणजे उष्णता वाहून नेण्यात हिरा तांब्याच्या पाचपट सरस आहे. तांब्याचा उष्णतावहनाचा आकडा ४००, हिऱ्याचा २०००च्या वर, तर चांगल्या थर्मल पेस्टचा जेमतेम ५ ते १०. हिऱ्याची भुकटी घातलेली पेस्टही बाजारात मिळते. तरीही चिप आणि कूलर यांच्यामध्ये पेस्टचा थर शक्य तितका पातळ हवा. तिचं काम धातूतल्या सूक्ष्म खाचा भरण्यापुरतंच. पुढे कूलरमधल्या तांब्याच्या बंद नळ्यांतलं पाणी कमी दाबामुळे थोड्या उष्णतेतच उकळतं, वाफ फिनांपाशी, म्हणजे धातूच्या पातळ पात्यांपाशी, जाऊन थंडावते आणि पाणी परत येतं. १९६३मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस इथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशा हीट पाइपची करामत दाखवली. शेवटी मात्र उष्णता हवेलाच द्यायची असते, आणि हवेचा आकडा आहे ०.०२६. म्हणून फिनांचं क्षेत्रफळ आणि पंखा मोलाचा.

पंख्यांची तुलना सारख्या आवाजावरच करावी. वेग दुप्पट झाला की आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. दिवसभर कॉम्प्युटरजवळ बसणाऱ्या माणसाला तो छळतो. खरेदीआधी सॉकेट आणि कॅबिनेटची रुंदी तपासावी, हे वेगळं सांगायला नको.

कूलर बसवल्यावर त्याचा अंश-भागिले-वॉटचा आकडा वहीत लिहून ठेवावा. मार्चमधला ०.४ मेमध्ये ०.५ झाला, तर दोष उन्हाळ्याचा नाही, कारण खोलीचं तापमान आपण वजा केलेलंच आहे. पंखा उतरवून फिनांतली धूळ ब्रशने काढावी आणि पुन्हा मोजावं. आकडा तरीही उतरला नाही तर पेस्ट नवी लावावी.