वायथमच्या वनातील नोंदी

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड शहराच्या वायव्येस काही किलोमीटर अंतरावर एक टेकडी आहे. थेम्स नदीच्या वळणाने ती तीन बाजूंनी वेढलेली आहे. या टेकडीवरील सुमारे ४०० हेक्टरांचे वायथम वन ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मालकीचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फेनेल कुटुंबाने दिवंगत कन्या हेझेल हिच्या स्मरणार्थ ते विद्यापीठाकडे सोपवले. परिस्थितिविज्ञानाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेले चार्ल्स एल्टन यांनी येथील जीवसृष्टीच्या सर्वेक्षणाचा पाया घातला. तेव्हापासून प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्या अनेक पिढ्यांनी येथे नोंदी घेतल्या असून, जगात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या वनांमध्ये वायथमची गणना होते.

प्राण्याला पोहोचणाऱ्या उपद्रवाचा विचार केला, तर क्षेत्रीय अभ्यासाच्या पद्धतींचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात निरीक्षण आणि गणना येते. दुसऱ्यात चिन्हांकन, म्हणजे प्राण्याला ओळखीची खूण करणे, येते. प्राण्याला पकडून, तपासून पुन्हा सोडून देणे हा तिसरा वर्ग होय. वायथममध्ये या तिन्ही पद्धती दीर्घकाळ वापरल्या गेल्या आहेत.

गणनेचा उत्तम नमुना म्हणजे जॉर्ज व्हार्ली आणि जॉर्ज ग्रॅडवेल यांनी १९५० ते १९६८ या काळात केलेला शीतपतंगाचा अभ्यास. या पतंगाची मादी उडू शकत नाही. हिवाळ्याच्या तोंडी ती जमिनीतून बाहेर पडते आणि ओकच्या बुंध्यावरून चालत वर जाऊन अंडी घालते. वसंतात निघालेल्या अळ्या कोवळी पाने खातात आणि पूर्ण वाढ झाल्यावर कोषावस्थेसाठी जमिनीवर उतरतात. चढणाऱ्या माद्या बुंध्यावरील सापळ्यांत आणि उतरणाऱ्या अळ्या झाडाखालच्या पसरट पात्रांत मोजल्या गेल्या. पालवी फुटण्याची वेळ चुकली की बहुसंख्य अळ्या बाल्यावस्थेतच नष्ट होतात, आणि वर्षावर्षांच्या संख्येतील चढउतार मुख्यतः त्यामुळे होतात, असे या मोजणीतून दिसले. मातीतील कोष खाणारे भुंगेरे आणि चिचुंद्र्या या संख्येला मर्यादेत ठेवतात, हेही स्पष्ट झाले.

याच अळ्यांवर मोठी वल्गुली हा पक्षी आपली पिल्ले वाढवतो. आपल्याकडे दिसणाऱ्या राखी वल्गुलीची ती निकटची नातलग आहे. डेव्हिड लॅक यांनी १९४७ साली येथे तिचा अभ्यास आरंभला. आज वनात हजाराहून अधिक घरटीपेट्या असून प्रत्येकीला क्रमांक आहे. वसंत ऋतूत विद्यार्थी नेमून दिलेल्या भागातील पेट्या साधारण आठवड्यातून एकदा पाहतात. मादी दररोज एकच अंडे घालते, म्हणून एवढी पाहणी पुरते. समजा, २० एप्रिलला पेटीत पाच अंडी आढळली, तर पहिले अंडे १६ एप्रिलला घातले गेले, असे उलट मोजून काढता येते. पक्ष्याचा स्वभाव नीट ठाऊक असला की त्याला रोज त्रास देण्याची गरज उरत नाही.

चिन्हांकनालाही अशीच मर्यादा आहे. पिल्लू सुमारे पंधरा दिवसांचे झाले की त्याच्या पायात स्वतंत्र क्रमांकाचे हलके धातूचे कडे घालतात. फार लहान पिल्लाचे पाय पुरेसे वाढलेले नसतात. फार उशीर केला, तर घाबरलेले पिल्लू उडता येण्यापूर्वीच घरट्याबाहेर झेप घेण्याची भीती असते. त्यामुळे रीतसर प्रशिक्षण आणि परवाना असल्याखेरीज कोणालाही कडे घालता येत नाही.

तिसऱ्या वर्गात बॅजर या निशाचर प्राण्याचा अभ्यास मोडतो. बॅजर हा पाणमांजराच्या कुळातला असून बिळांत गटाने राहतो. शेंगदाण्यांचे आमिष लावलेल्या पिंजऱ्यात तो रात्री सापडतो. सकाळी त्याला गुंगीचे औषध देऊन वजन, दातांची झीज आणि आरोग्य यांची नोंद केली जाते. पूर्ण शुद्धीवर आल्यावर त्याला पकडलेल्या ठिकाणीच सोडतात. पिल्ले आईच्या दुधावर असतात त्या काळात पिंजरे लावले जात नाहीत.

या दक्षतेमागे एक विचार आहे. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ साली प्रयोगातील प्राण्यांविषयी तीन तत्त्वे मांडली. शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा पर्याय शोधणे, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवणे आणि त्यांना होणारा क्लेश घटवणे, अशी ती तत्त्वे होत. ती प्रयोगशाळेसाठी सांगितली गेली, तरी रानातही तितकीच लागू पडतात. भेदरलेला पक्षी घरटे सोडतो, आणि मग त्या पेटीतील आकडा पक्ष्याविषयी काही न सांगता केवळ निरीक्षकाच्या उतावीळपणाची साक्ष देतो. प्राण्याची काळजी आणि नोंदीचा खरेपणा वनात एकत्रच नांदतात.

या संयमाचे फळ मोलाचे आहे. १९६१ पासूनच्या ४७ वर्षांत वल्गुलीची अंडी घालण्याची सरासरी तारीख सुमारे १४ दिवसांनी अलीकडे आली, हे येथील नोंदींवरून सिद्ध झाले. वसंत लवकर उबदार होऊ लागला, अळ्या लवकर आल्या आणि पक्ष्यांनीही आपले वेळापत्रक बदलले. हवामानबदलाला वन्यजीव कसा प्रतिसाद देतात, याचे इतके दीर्घकालीन पुरावे फार थोड्या ठिकाणी उपलब्ध आहेत.

कोणत्याही एका संशोधकाला आपल्या हयातीत हे सारे एकट्याने मोजता आले नसते. विद्यार्थी तीन-चार वर्षांनी पदवी घेऊन निघून जातो, आणि वल्गुलीचे आयुष्य बहुधा त्याहूनही अल्प असते. मात्र त्याने पेटीचे झाकण हलक्या हाताने लावले असेल, तर पुढच्या वसंतात त्या पेटीत पुन्हा घरटे बांधले जाते, आणि त्याच क्रमांकापुढे दुसरा विद्यार्थी नवी ओळ लिहितो.