मुखपृष्ठाचं काम देताना

छोट्या प्रकाशन संस्थेत पगारी डिझायनर ठेवणं परवडत नाही. मुखपृष्ठ, आतली मांडणी, जाहिरात, प्रकाशन समारंभाची पत्रिका, सगळं घरून काम करणाऱ्या मुक्त डिझायनरकडे जातं. आमची बरीचशी मुखपृष्ठं सांगलीहून येतात. ती करणाऱ्या बाईंची प्रत्यक्ष गाठ क्वचितच पडते; बाकी सगळा व्यवहार फोनवर आणि मेलवर. अशा कामात पुस्तक देखणं निघतं की रखडतं, हे बऱ्याचदा काम देणाऱ्याच्या हातात असतं, असं माझं मत त्यांच्याबरोबर काम करून पक्कं झालं आहे.

काम घेण्याआधी त्या काही गोष्टी विचारून घेतात. शीर्षक ठरलंय का? लेखकाचं मधलं नाव छापायचं का? मलपृष्ठावरचा मजकूर शेवटचा आहे का? पृष्ठं किती, कागद कोणता? हा शेवटचा प्रश्न प्रेसवाल्याने विचारावा असा वाटतो, पण पुस्तकाच्या कण्याची जाडी त्यावरच ठरते. २५६ पृष्ठं म्हणजे १२८ पानं. एक पान साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचं धरलं, तर कणा १३ मिलिमीटरच्या आसपास जातो. लेखकाने ऐनवेळी परिशिष्ट वाढवलं आणि १६ पृष्ठांचा एक फर्मा जास्त झाला, तर कणा पाऊण मिलिमीटरने फुगतो. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ ही एकच सलग फाइल असते, त्यामुळे सगळंच सरकवावं लागतं. म्हणून मजकुरावर शेवटचा हात फिरल्याशिवाय मांडणीला काही पाठवायचंच नाही, हा आमचा नियम आहे.

खाडीतल्या मासेमारीवरच्या एका पुस्तकाचं मुखपृष्ठ चाललं होतं. आधी त्यांनी पेन्सिलीने काढलेली तीन छोटी रेखाटनं पाठवली, रंगांशिवाय. हा टप्पा मला फार मोलाचा वाटतो. इथे ‘हे नको’ म्हणायला कुणालाच जड जात नाही. रंग, छायाचित्र, अक्षरं असा सगळा साज चढल्यावर तेच म्हणणं दोन्हीकडे जड जातं. आम्ही पसरलेल्या जाळ्याचं रेखाटन निवडलं. पुढचा नमुना रंगीत आला, तेव्हा आमच्याकडचे सगळे म्हणाले, ‘शीर्षक मोठं करायला सांगा.’ मी तसं कळवलं नाही. मेलमध्ये लिहिलं, ‘मोबाइलवर मुखपृष्ठ नखाएवढं दिसतं, तेव्हा शीर्षकाच्या वेलांट्या जाळ्याच्या दोऱ्यांत हरवतात. खरेदी करणारे बरेच वाचक पुस्तक पहिल्यांदा तिथेच पाहणार आहेत.’ त्यांनी अक्षरं मुळीच मोठी केली नाहीत. जाळं खाली ओढलं, वरचं आभाळ मोकळं ठेवलं आणि शीर्षक तिथे नेलं. पानाला श्वास मिळाला. ‘मोठं करा’ म्हटलं असतं, तर तेवढंच झालं असतं. अडचण आपण सांगावी, उपाय त्यांना शोधू द्यावा. त्यांच्या शिक्षणाचे आणि नजरेचे पैसे आपण देत असतो, मग ती नजर वापरायची नाही असं का करावं?

सूचना एकाच माणसाकडून जाव्यात, हेही तितकंच महत्त्वाचं. लेखक, त्यांची मुलगी, विक्री पाहणारे आणि संपादक अशा चौघांनी चार फोन केले की निळा आणि केशरी दोन्ही एकाच दिवशी मागितले जातात. आमच्याकडे मतं आधी आपसात भांडून घेतात. जे ठरेल ते एका मेलमध्ये, क्रमाने, पृष्ठक्रमांकासह जातं.

मराठीची म्हणून वेगळी काळजी लागते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की ‘दोऱ्या’चं ‘दोर्या’ होतं, त्यामुळे रूपांतरानंतरचं वाचन आपणच करून द्यायला हवं. इनडिझाइनमध्ये भाषा मराठी निवडली की काही फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे देतात. हवे असतील तर ते पहिल्याच मेलमध्ये सांगून टाकावं. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं दाखवून ‘असं काहीतरी करा’ म्हणणारे ग्राहक आजही भेटतात. नमुना दाखवायला हरकत काहीच नाही. पण हाताने अक्षरं काढणं हे फॉन्टमध्ये शीर्षक बसवण्यापेक्षा निराळं आणि वेळखाऊ काम आहे. त्याचा मोबदला कोटेशनमध्ये वेगळा धरलेला असावा.

पैशांचं बोलायला आपल्याकडे उगीच संकोच करतात. काम सुरू होताना निम्मी रक्कम, किती फेऱ्या दुरुस्त्या, त्यापुढच्या फेरीला किती आणि काम मधेच थांबलं तर काय, एवढं आधी लिहून घेतलं की पुढचं बोलणं फक्त चित्राबद्दल होतं. उरलेली रक्कम छपाईची फाइल हाती आल्यावर द्यायची. पुस्तक किती खपलं याच्याशी तिचा संबंध लावू नये.

हक्कांचंही तसंच. फक्त या आवृत्तीसाठी की पुढच्या सगळ्यांसाठी? ई-पुस्तक, ऑडिओबुक, पोस्टर यांसाठी तेच चित्र चालेल का? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी द्यावे लागतात आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. दुसरी आवृत्ती बऱ्याचदा त्यानंतरच निघते. ओपन फाइल, म्हणजे बदल करता येईल अशी मूळ फाइल, हवी असेल तर तीही याच कागदावर यावी, आणि श्रेयपृष्ठावर मुखपृष्ठकाराचं नाव कसं छापायचं तेही. राहिलं वेळेचं. सांगलीच्या बाई गणपतीनंतर नवीन काम घेत नाहीत, कारण दिवाळी अंकांनी त्यांचा दिवस भरलेला असतो. दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या पुस्तकाचा मेल आम्ही आता आषाढातच पाठवतो.