शिखरावरचे बिनतारी केंद्र

आपले सुरत शहर तापीच्या मुखाजवळ, समुद्रसपाटीपासून अवघ्या काही मीटर उंचीवर, सपाट मैदानात वसलेले आहे. येथल्या माणसाला डोंगर पाहावयाचा तर पूर्वेला डांगच्या अरण्यातून सह्याद्रीकडे जावे लागते. अशा डोंगरावर लोक हवा खाण्यास जातात, देवदर्शनास जातात, किल्ला पाहण्यास जातात. पण जगात आज असाही एक वर्ग आहे, की जो पाठीवर लहानसे बिनतारी यंत्र, एक बॅटरी आणि तारेचे वेटोळे घेऊन शिखर चढतो, माथ्यावर ती तार उभारतो, आणि दूरच्या अनोळखी माणसांशी बोलून संध्याकाळी खाली उतरतो. या छंदाची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे.

बोलण्यासाठी खिशात दूरध्वनी असताना हा खटाटोप कशाला, असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या मंडळींविषयी थोडे सांगितले पाहिजे.

त्यांना ‘हॅम’ असे म्हणतात. हे हौशी बिनतारी चालक होत. सरकारची परीक्षा देऊन ते परवाना मिळवितात, आणि प्रत्येकाला त्याच्या केंद्राचे एक स्वतंत्र संकेतनाम मिळते. भारतातील बहुतेक संकेतनामे ‘व्ही यू’ या अक्षरांनी सुरू होतात. हॅमला आपल्या यंत्रावरून व्यापार करता येत नाही, की गाणी ऐकविता येत नाहीत. गुप्त भाषेत बोलण्यासही बंदी आहे. प्रयोग, अभ्यास आणि संवाद एवढ्यासाठीच हा परवाना असतो. आपल्या देशात १९२१ सालापासून या छंदाचा इतिहास सांगितला जातो, आणि त्याचा आरंभ कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्त व मुकुल बोस यांच्यापासून मानतात.

डोंगर आणि बिनतारी यांची सांगड घालणारा एक रीतसर कार्यक्रम मार्च २००२ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि पुढे अनेक देशांत पसरला. ‘समिट्स ऑन द एअर’ हे त्याचे नाव. त्याचे नियम मोठे बोधप्रद आहेत. शिखराच्या माथ्यापासून उभ्या मापाने २५ मीटरांच्या आत केंद्र मांडावयाचे. चढणीचा शेवटचा टप्पा पायी किंवा अन्य यंत्रविरहित साधनानेच गाठावयाचा. सर्व सामान आपले आपण वाहून न्यावयाचे. वीज बॅटरीची किंवा सूर्यप्रकाशाची; तेलावर चालणारे जनित्र चालत नाही. निदान चार निरनिराळ्या केंद्रांशी संपर्क झाला, तरच त्या शिखराचे गुण पदरात पडतात. डोंगराच्या उंचीनुसार एकापासून दहापर्यंत गुण मिळतात, आणि असे १००० गुण झाले, की त्या चालकास ‘माउंटन गोट’, म्हणजे पहाडी बोकड, ही पदवी मिळते! घरी बसून त्याचा आवाज शोधणाऱ्यालाही गुण असतात. कारण उत्तर देणारा कोणी नसेल तर माथ्यावरचा माणूस एकटाच ओरडत राहणार.

आता उंचीचा उपयोग पाहू. हातात मावणारी यंत्रे बहुधा १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. या लहरी जवळजवळ दृष्टीप्रमाणे सरळ जातात, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजापलीकडे त्यांची गती खुंटते. हे क्षितिज किती दूर असते, त्याचे गणित शाळेतल्या मुलालाही करता येईल. यंत्राच्या एरियलची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास ४.१ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. मोकळ्या मैदानात उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील यंत्राचे क्षितिज यावरून सुमारे ५ किलोमीटर येते. तोच माणूस १०० मीटर उंचीच्या टेकडीवर चढला, तर ते ४१ किलोमीटर होते. यंत्र तेच, बॅटरी तीच. वाढ झाली ती पायांच्या कष्टाने.

आपल्या दृष्टीने याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे साल्हेर. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात, डांगच्या सीमेला लागून हा किल्ला उभा आहे. त्याची उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रात कळसूबाईच्या १६४६ मीटरखालोखाल याचाच क्रम लागतो. सुरतेशी त्याचे नाते जुने आहे. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेची दुसरी लूट झाली, तेव्हा शिवाजी महाराज बागलाणातूनच परतले; १६७१ मध्ये साल्हेर स्वराज्यात आला, आणि १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला. माथ्यावर परशुरामाचे मंदिर आहे. परशुरामाने येथूनच बाण सोडून समुद्र मागे हटविला, अशी आख्यायिका आहे.

परशुरामाचा बाण श्रद्धेचा विषय. बिनतारी लहरीचे मात्र आपण मोजमाप करू शकतो. वरील सूत्राने साल्हेरच्या माथ्यावरचे क्षितिज सुमारे १६० किलोमीटर येते. सुरत तेथून सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटरांवर आहे, आणि दुसऱ्या बाजूस धुळे सुमारे ९० किलोमीटरांवर. म्हणजे मधला एखादा डोंगर आड न आल्यास, माथ्यावरचा एक माणूस पाच वॅटच्या, म्हणजे घरातील रात्रदिव्याएवढ्या शक्तीच्या यंत्राने, सुरतेच्या गच्चीवरील हॅमचा निरोप ऐकून तो खानदेशात पोचवू शकतो. उधना-लिंबायत भागात राहणाऱ्या ज्या असंख्य मराठी कुटुंबांची मुळे खानदेशात आहेत, त्यांना या अंतराचा अर्थ निराळा सांगावयास नको.

शिखराचा आणखी एक लाभ आहे, तो म्हणजे शांतता. शहरात यंत्रमागांच्या मोटारी, विजेचे दिवे, बॅटऱ्या भरणारी उपकरणे या सर्वांतून विद्युत्-गोंगाट सतत बाहेर पडत असतो, आणि त्यात दूरचा क्षीण आवाज बुडून जातो. माथ्यावर हा गोंगाट जवळजवळ नसतो. तेथे १४ मेगाहर्ट्झच्या लघुलहरींसाठी सुमारे दहा मीटर लांबीची तार एका हलक्या काठीच्या आधाराने ताणली, की आकाशातील आयनांबरावरून परावर्तन पावून या लहरी हजारो किलोमीटरांवर जाऊ शकतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खिशातला दूरध्वनी चालतो तो स्वतःच्या बळावर नव्हे. त्याच्या पाठीशी मनोरे असतात, मनोऱ्यांना वीज लागते, आणि मनोऱ्यांना जोडणारे जाळे अखंड असावे लागते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा फार मोठा भाग बुडाला. त्या दिवसांत वीज गेलेल्या घरांच्या वरच्या मजल्यावर अडकून ज्यांनी आप्तांच्या निरोपाची वाट पाहिली, त्यांना हे जाळे किती नाजूक असते ते ठाऊक आहे. किल्लारीचा १९९३ चा भूकंप आणि कच्छचा २००१ चा भूकंप या दोन्ही वेळी हॅम मंडळींनी निरोप पोचविण्याचे काम केले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या हॅम अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे छंदासाठीच केंद्र चालवीत होत्या. तेच केंद्र त्यांनी संकटग्रस्तांच्या निरोपांसाठी वापरले, आणि मुख्य भूमीवरील आप्तांना त्यांचे कुशल कळले.

या प्रसंगांतून एक गोष्ट स्पष्ट होते. आपत्तीच्या वेळी यंत्र नुसते घरात असून भागत नाही. विजेवाचून ते चालविता आले पाहिजे. तार कोठे व कशी बांधावी, बॅटरी किती तास पुरेल, गोंधळात नाव-गाव अचूक कसे लिहून घ्यावे, हे हातांना सवयीचे असावे लागते. आणि शिखरावर जाणारा हॅम सुटीच्या दिवशी आनंदाने याच गोष्टींचा सराव करीत असतो. पूर आल्यावर पोहणे शिकता येत नाही. ते आधीच शिकावे लागते.

हा छंद करू इच्छिणाऱ्या तरुणांना दोनचार सूचना देतो. परवान्यावाचून यंत्रावर बोलणे हा गुन्हा आहे. प्रथम परीक्षा द्यावी, आणि केंद्र घराबाहेर नेण्यासंबंधीचे नियम पाहून घ्यावेत. ऑगस्ट २००६ चा काळ ज्यांना आठवतो त्यांना पावसाचा भरवसा सांगावयास नको. आभाळ गडगडू लागले, की माथ्यावर ताणलेली तार हे विजेला आमंत्रण ठरते, म्हणून ती तत्काळ उतरवून खाली यावे. साल्हेरसह बारा किल्ल्यांचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आहे. त्यांच्या तटबंदीत खिळा ठोकू नये, दगड हलवू नये. एकट्याने जाऊ नये, आणि जाण्याची व परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी.

१६६० साली विशाळगडावर तोफा झाल्या, तेव्हा महाराज गडावर सुखरूप पोचल्याची खूण खिंडीत लढणाऱ्या बाजीप्रभूंना पटली. उंचावरून दिलेली खूण खालच्या माणसाला धीर देते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. आज तोफेची गरज उरलेली नाही. मात्र माथ्यावर चढून जाणारा एक आणि खाली कान देऊन बसलेला दुसरा, अशी दोन माणसे आजही लागतातच. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून अशी मुले तयार झाली, तर पुढच्या पुरात सुरत मुकी राहणार नाही.