पांढऱ्या डागांवर घरचा प्रकाशोपचार

ओठाच्या कडेला किंवा बोटाच्या पेरावर नखाएवढा पांढरा डाग दिसला की घरातल्या बायका आवाज खाली आणून बोलू लागतात. मुलीसाठी पूर्ण बाह्यांचे कुर्ते शिवले जातात, दूध आणि मासे एकत्र देणे बंद होते, आणि डॉक्टरकडे जाण्याआधीच रिश्त्याची चिंता सुरू होते. आमच्या भाचीला डाग निघाले तेव्हा आम्हीही हे सारे ऐकले. त्यानंतर डॉक्टरांकडून जे समजून घेतले आणि घरी दीड वर्ष पाळले, ते येथे मांडत आहोत.

कोड म्हणजे, उर्दूत ज्याला बर्स म्हणतात तो आजार, जगात दोनशे माणसांत साधारण एक-दोघांना असतो. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर हल्ला करते, म्हणून तेवढी जागा पांढरी पडते. हा कुष्ठरोग नव्हे. एका ताटात जेवल्याने, एका गादीवर निजल्याने तो लागत नाही. दूध-मासे, दही, लिंबू यांचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र काही रुग्णांना थायरॉइडचा त्रासही असतो, म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात.

प्रकाशाने कोड बरे करण्याची कल्पना जुनी आहे. आपल्याकडे बावचीचे बी लावून उन्हात बसवत. तेराव्या शतकात अंदलुसचे वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल्-बैतार यांनी ‘आत्रिलाल’ या वनस्पतीचे बी आणि ऊन यांचा असाच उपयोग नोंदवला आहे. 1940च्या दशकात कैरोचे डॉ. अब्देल मोनेम अल-मोफ्ती यांनी त्याच वनस्पतीतील द्रव्य वापरून आधुनिक उपचाराचा पाया घातला. पण बावची लावून कडक उन्हात बसल्याने फोड येतात, हेही तितकेच खरे. आज त्याऐवजी ‘नॅरोबँड यूव्हीबी’ दिवा वापरतात. त्याचा प्रकाश 311 नॅनोमीटरच्या आसपासचा असतो आणि त्यासोबत बी किंवा गोळी लागत नाही.

हा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून घ्यावा लागतो. तेवढ्या वेळा शहरातल्या दवाखान्यात जायचे तर शाळा बुडते, मजुरी बुडते. म्हणून डाग थोडे असतील तर काही डॉक्टर हातात धरायचा लहान दिवा घरी वापरायला सांगतात. पहिली मात्रा काही सेकंदांची असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची.

आमच्या घरी काही नियम कधी मोडले जात नाहीत. भाची काळा संरक्षक चष्मा लावते, दिवा धरणाराही लावतो, आणि बाकी मुले खोलीबाहेर जातात. त्वचा कोरडी असते, तेल-अत्तर लागलेले नसते. दिवा डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरावरच धरतो आणि वेळ घड्याळावर मोजतो. प्रत्येक तारीख, सेकंद आणि दुसऱ्या दिवशीचा रंग वहीत लिहितो. पुरुषांनी गुप्तांग झाकून ठेवावे.

दुसऱ्या दिवशी डाग फिकट गुलाबी दिसून चोवीस तासांत निवळला, तर मात्रा योग्य आहे. लाली त्याहून जास्त टिकली तर मात्रा वाढवू नये. आग होत असेल, फोड आले असतील तर उपचार थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आजारपणात किंवा लग्नघाईत बरेच दिवस खंड पडला तर जुन्याच मात्रेपासून सुरुवात करू नये. ती कमी करावी लागते. ल्युपसचा आजार असेल, पूर्वी त्वचेचा कर्करोग झालेला असेल किंवा दुसरी औषधे चालू असतील, तर ते आधीच सांगावे.

बाजारातला कोणताही निळा दिवा आणू नका. पाणी शुद्ध करणाऱ्या किंवा जंतू मारणाऱ्या दिव्याचा प्रकाश वेगळा असतो. तो डोळे आणि कातडी भाजतो.

गुण किती येतो? ब्रिटनमध्ये 517 रुग्णांवर घरच्या दिव्याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. निवडलेल्या डागात स्पष्ट सुधारणा नऊ महिन्यांनी नुसत्या मलमाने 17 टक्के, नुसत्या दिव्याने 22 टक्के आणि दोन्ही मिळून 27 टक्के रुग्णांना जाणवली. उपचार थांबल्यावर काहींचा आलेला रंग पुन्हा गेला. चेहरा आणि मान लवकर साथ देतात. बोटांची टोके, पावले आणि पांढरे केस उगवलेली जागा हट्टी असते. रंग परततो तो केसांच्या मुळाशी, तिळाएवढ्या ठिपक्यांनी. आमच्या वहीत पहिला ठिपका चौथ्या महिन्यात नोंदला आहे. भाचीच्या गळ्यावरचा डाग जवळजवळ भरला, बोटांवरचे तसेच आहेत.

तेव्हा रिश्त्याची बोलणी निघतील तेव्हा डाग लपवू नका. मुलाकडच्यांना आधीच सांगा, आजार लागत नाही हेही सांगा, आणि त्यांना शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे सोबत घेऊन जा. निकाहनंतर कळलेल्या गोष्टीचे ओझे मुलगी आयुष्यभर वाहते. आमच्या भाचीने यंदा अर्ध्या बाह्यांचा कुर्ता शिवून घेतला आहे, आणि घरात तिला कोणी अडवलेले नाही.